जत्रेत मोलियेरचे ‘तार्त्युफ’ करावे का?

प्रश्न (वेंगुर्ले): आमचे हौशी नाट्यमंडळ यंदा जत्रेत ‘तार्त्युफ’ हे फ्रेंच नाटककार मोलियेरचे, भक्तीचे ढोंग करणाऱ्या भोंदूवरचे विनोदी नाटक करू इच्छिते, भाविक प्रेक्षकांना ती श्रद्धेची निंदा वाटेल काय?

उत्तर (मालवण): १६६४ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय राजवाड्यातील प्रयोगानंतर याच आक्षेपामुळे जाहीर प्रयोगांवर बंदी आली, ती १६६९ मध्ये पूर्णपणे उठली. खरा भक्त आणि भोंदू यांत कोणी गल्लत करू नये, म्हणून पहिले दोन अंक आपण केवळ त्या ढोंगी तार्त्युफच्या आगमनाच्या तयारीसाठी खर्च केले, असे मोलियेरने प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे. ते अंक मुळीच कापू नयेत.

उत्तर (रत्नागिरी): सहमत. माझ्या मते मात्र नाटकाचा खरा विषय ऑर्गाँ, म्हणजे तार्त्युफच्या नादी लागलेला घरमालक, हा आहे. मुलाला घराबाहेर काढून सारी मालमत्ता भोंदूच्या नावे करणारा असा कर्ता पुरुष आपल्या गावांनाही अपरिचित नाही. टेबलाखाली लपून सत्य ऐकतानाचा त्याचा प्रवेश सावकाश रंगवावा.