मदत हवी आहे: चुकून आलेले पैसे परत कसे करू?

नौपाड्यात राहतो. काल रात्री यूपीआयवर अनोळखी खात्यातून ८,५०० रुपये जमा झाले. पाठोपाठ एका बाईंचा फोन, "दादा, घरभाडं होतं हो, नंबरातला एक आकडा चुकला." आवाज रडवेला. पैसे ठेवायचे नाहीतच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सुद्धा परत करा असंच सांगतं. पण परतीसाठी त्यांनी दुसराच नंबर दिला आणि मनात पाल चुकचुकली. चोरीचे पैसे असे फिरवतात, मग आपलंच खातं गोठतं. बायको म्हणते, आले तिथेच, बँकेमार्फत पाठव. आज नेमका चौथा शनिवार, बँक बंद! बाईंचे सकाळपासून सात मिस्ड कॉल. कुणी असे पैसे परत केलेत का? अर्जात काय लिहिलंत? आणि सोमवारपर्यंत त्यांना काय सांगू?