‘भाकरी फिरवणे’ नेमकं काय? (आणि सत्तापालट, सत्तांतर, खांदेपालट)

निवडणुकांच्या मथळ्यांची कात्रणं जमवायची मला जुनी खोड आहे. परवा त्यातलं एक आईच्या हाती लागलं : ‘मतदारांनी भाकरी फिरवली’. सरकार पडून विरोधक निवडून आल्याची बातमी होती. आई म्हणाली, "फिरवली कुठे? उलटली म्हण की."

तिच्या लेखी ही दोन वेगळी कामं. थापलेली भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाणी लावायचं, ते सुकत आलं की उलथन्यानं उलटायची. हे उलटणं. चुलीचा जाळ एकाच अंगाला जास्त लागत असेल तर भाकरी आहे त्याच बाजूवर बोटानं सरकवत गोल न्यायची, म्हणजे कड करपत नाही. हे फिरवणं. फिरवताना वरची बाजू वरच राहते.

एप्रिल २०२३ मध्ये शरद पवार मुंबईत भाकरी फिरवण्याबद्दल बोलले तेव्हा विषय पक्षसंघटनेचा होता. २ मे रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ५ मे रोजी निर्णय मागे घेतला. पक्ष तोच, माणसं बदलायची. म्हणजे आईच्या व्याख्येत ते चपखल ‘फिरवणं’. पण आता अख्खं सरकार बदललं तरी वर्तमानपत्रं हेच क्रियापद वापरतात. अर्थ रुंदावला म्हणायचं की चूक रुळली? सत्तापालट, सत्तांतर आणि खांदेपालट यांतही तुम्ही फरक करता का?

ज्वारीवाले

आईंचं बरोबर आहे, पण आमच्या सोलापूरकडे इतकी काटेकोर विभागणी नाही. ‘भाकर फिरव गं, करपंल’ म्हणजे बऱ्याचदा उलटच. ‘परतणे’ही चालतं.

मला हा वाक्प्रचार चुलीपेक्षा कोड्यातून आल्यासारखा वाटतो. लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय : भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. घोड्याला रपेट हवी, विड्याच्या पानांच्या चवडीला उलटापालट हवी, भाकरीला दुसरी बाजू हवी. तीन वेगळ्या क्रिया एका क्रियापदात बसवल्याशिवाय कोडं जमतच नाही, त्यामुळे इथे ‘फिरवणे’ आधीच सैल झालेलं आहे. हिंदीत हेच अमीर खुसरोच्या नावावर सांगतात, ‘फेरा न था’. राममनोहर लोहियांच्या नावावरही तव्यावरची रोटी उलटत राहण्याचं वाक्य फिरतं, आणि ते थेट सरकार बदलण्याबद्दलच. तेव्हा रुंदावलेला अर्थ आजच्या उपसंपादकांच्या माथी मारू नका.

जुना उपसंपादक

माथी मारा, सवय आहे. वीस-बावीस वर्षं रात्रपाळीला मथळे पाडलेत.

आधी खांदेपालट. पालखीचे भोई एका खांद्यावरून दुसऱ्यावर दांडी घेतात, किंवा थकलेला बाजूला होऊन ताज्या दमाचा पुढे येतो. आत बसलेला तोच, पालखीची वाटही तीच. म्हणून मंत्रिमंडळातले फेरबदल किंवा पोलिस अधिकाऱ्यांच्या बदल्या यांना हा शब्द बरोबर. सरकार बदललं तर नाही. कुणी ‘राज्यात खांदेपालट’ असं लिहून आणलं की आमचे वृत्तसंपादक विचारायचे, "पालखीत कोण आहे मग?"

सत्तापालट आणि सत्तांतर यांत व्याकरणाचाच फरक आहे. ‘पालट’मध्ये कुणीतरी पालटणारा लागतो. ‘अंतर’ला कर्ता लागत नाही, स्थलांतर, रूपांतर तसं सत्तांतर. १९९५ साली युती आली तेव्हा सत्तापालट म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही, कारण पालटणारे मतदार समोर दिसत होते. जून २०२२ मध्ये निवडणूक न होता सरकार बदललं तेव्हा ‘सत्तांतर’ सोयीचं पडलं. कुणी केलं, हे मथळ्यात सांगावं लागत नाही. त्याच घटनेला एक बाजू ‘उठाव’ म्हणत होती, दुसरी ‘गद्दारी’. आम्ही मध्ये ‘बंड’वर थांबलो होतो, आणि त्यावरही दोन्हीकडून फोन येत.

माझी खरी तक्रार ‘हवा’, ‘वारं’, ‘लाट’ या मंडळींबद्दल आहे. बोलीत आपण सरळ म्हणतो, ‘त्यानं गावात हवा केली’. कर्ता आहे, क्रियापद आहे, करणाऱ्याचा खर्चही आहे. छापताना तेच ‘बदलाचे वारे वाहू लागले’ होतं. केलेली गोष्ट आपोआप झालेली दिसते. २००९च्या विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्याचं कौतुक वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दही न बदलता छापून आलं होतं. पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’तून दाखवून दिलं, पुढे प्रेस कौन्सिलची उपसमिती बसली, आयोगापर्यंत प्रकरण गेलं. ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठी वाचकाच्या तोंडी बसला तो तेव्हा. कचेऱ्यांतून मात्र त्याला ‘पॅकेज’ म्हणत. पॅकेज घेतलेल्या उमेदवाराच्या बातम्या आज काढून बघा : ‘प्रचारात आघाडी’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘विजयाचा मार्ग सुकर’. एकाही वाक्यात कुणी काही केलेलं सापडणार नाही.

आणि एक रात्र अजून आठवते. हिमाचल, डिसेंबर २०२२. तिथे १९८५ नंतर कुठलंच सरकार लागोपाठ दुसऱ्यांदा आलेलं नाही. भाजपचा प्रचार होता तो ‘रिवाज’ बदलण्याचा. निकाल लागला, ६८ पैकी काँग्रेस ४०, भाजप २५. मराठीत ‘रिवाज’ला काय लिहायचं? आपल्याकडे तो ‘रीतिरिवाज’ असा जोडीनेच येतो, एकटा आला की लग्नकार्याचा वाटतो. मी ‘पायंडा’ सुचवला, कारण पायंडा कुणीतरी पाडतो आणि कुणीतरी मोडतो. छापलं गेलं ‘परंपरा कायम’. आता गंमत अशी की दोन्ही पक्षांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. एवढ्याशा फरकानं जे झालं ते ‘परंपरा’ म्हटल्यावर हिमालयाइतकं जुनं दिसायला लागलं.

विट्याचा गलाईवाला

मी त्रिशूरला असतो, सोनं-चांदी गाळायचा धंदा. खानापूर-आटपाडीची आमची माणसं केरळात पिढ्यान्पिढ्या आहेत. आजोबांपासून एकच ऐकत आलोय, "आता ह्यांची पाळी, फुडल्या खेपंला त्यांची." १९८२ पासून २०१६ पर्यंत दर निवडणुकीला आघाडी बदलली. २०२१ ला पहिल्यांदा तसं झालं नाही, डावी आघाडी १४० पैकी ९९ जागा घेऊन परत आली.

त्या वेळी मल्याळम चॅनेलवर दिवसभर एक शब्द चालू होता, ‘तुडर्भरणम्’. तुडर् म्हणजे सलग, पुढं चालू. भरणम् म्हणजे राज्यकारभार. उलट झालं तर ‘भरणमाट्टम्’. आमच्या दुकानातल्या मल्याळी पोराला मी मराठीत तुडर्भरणम् काय म्हणतात ते सांगू शकलो नाही. सत्तापालटाला आपल्याकडं ढीगभर शब्द, पण सत्ता तशीच राहिली तर? ‘गड राखला’ म्हणतो, ते लढाईचं झालं. मतमोजणीच्या आधीच घराघरात गेलेला तसा साधा शब्द मराठीत हाय का?

धागाकर्ता

नाही सापडत. ‘सत्तासातत्य’ करता येईल, पण ते कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. २०१९ साली ‘मी पुन्हा येईन’ गाजलं, मात्र ते आख्खं वाक्य आहे. तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आलं की ‘फिरून’ म्हणजे ‘पुन्हा’सुद्धा! ‘फिरून तेच सरकार’ हे शुद्ध मराठी आहे. एकाच धातूनं भाकरी फिरवायची आणि फिरून तीच भाकरी वाढायचीही.

पाटकरी

पाळीचा विषय निघालाच आहे तर. नोकरी पाटबंधाऱ्यात झाली. कालव्याच्या पाण्याला आमच्याकडे ‘शेजपाळी’ असते. शेताला शेत लागून, एकापाठोपाठ एक पाळी. यातली मेख अशी की पाणी टोकाकडून द्यायला सुरुवात करतात आणि मग वर मुखाकडे येतात. मुखापासून सुरू केलं तर टोकाचा शेतकरी कोरडाच राहतो, कारण वरचा दारं मोडून आधी घेतो.

निवडणूक आली की ‘यंदा मुख्यमंत्रिपद अमक्या विभागाला’ अशा बातम्या सुटतात. मी एकदा वहीत मांडून पाहिलं. पश्चिम महाराष्ट्र : यशवंतराव, वसंतदादा, पवार, बाबासाहेब भोसले, सुशीलकुमार, पृथ्वीराज. विदर्भ : कन्नमवार, दोन्ही नाईक, फडणवीस. मराठवाडा : शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. कोकण : अंतुले, मनोहर जोशी, राणे. एकनाथ शिंदे गावानं साताऱ्याचे, राजकारणानं ठाण्याचे, कुठल्या खात्यात टाकायचे ते तुम्ही ठरवा. उत्तर महाराष्ट्राच्या रकान्यात शून्य. नाशिक, जळगाव, धुळे, नंदुरबार, नगर, एकही नाही. १९६० पासून.

याला वर्तमानपत्रं ‘प्रादेशिक समतोल’ म्हणतात. समतोल म्हटलं की तराजू डोळ्यासमोर येतो आणि तराजू एका वेळी दोनच पारडी दाखवतो. हा हिशोब पाळीचा आहे, मुखाकडून दिलेल्या पाण्याचा. ‘अनुशेष’ हा चांगला शब्द आपण रस्ते आणि सिंचनापुरता ठेवला, पदांना लावलाच नाही. २०१९ला भांडण झालं तेही ‘अडीच-अडीच वर्षं’ या पाळीवरूनच, पण ते दोन पक्षांतलं, विभागांतलं नव्हे.

ज्वारीवाले

‘शेजपाळी’ आवडलं. मुख्यमंत्रिपदाची शेजपाळी! पण मथळ्यात बसेल का?

जुना उपसंपादक

दोन कॉलमांत आरामात बसेल. अडचण वेगळी आहे. शहरातला वाचक ‘शेज’ म्हणजे बिछाना समजेल, आणि नुसती ‘पाळी’ लिहिली तर दुसऱ्या दिवशी पत्रं येतील. म्हणून ‘संधी’ लिहितात. ‘उत्तर महाराष्ट्राला संधी?’ हक्काची पाळी होती, तिची मेहेरबानी झाली.

धागाकर्ता

आईला विचारलं. तिच्या माहेरी, बार्शीकडे, विहिरीवर पाणी भरायला ‘बारी’ म्हणत, ‘पाळी’ नाही. पंढरपूरची दर्शनबारी तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात रांगही आली आणि आपला नंबर लागणंही आलं. वऱ्हाडात आणि खानदेशात या अर्थानं कोणता शब्द चालतो? तिकडच्या मंडळींनी सांगावं, म्हणजे कात्रणाखाली लिहून ठेवीन.