स्वाहिलीत शब्दाचं शेपूट सोडून तोंडच का बदलतं? कुणी समजावून सांगेल का

दारचा_पाहुणा

मंडळी, कामानिमित्त चार महिने झाले दार-एस-सलामला आहे, अजून वर्षभर तरी इथंच. ऑफिसात इंग्रजी चालतं पण बाजारात, ड्रायव्हरशी, शेजाऱ्यांशी स्वाहिलीच, म्हणून रोज रात्री अर्धा तास घेऊन बसतो. उच्चार सोपे आहेत, लिहिलंय तसं वाचायचं, आपल्यासारखंच. पण शब्द डिक्शनरीत सापडतच नाहीत हो! परवा 'विताबू' ऐकलं, व मध्ये शोधतोय शोधतोय, शेवटी कळलं की ते 'किताबू'चं अनेकवचन, म्हणजे आपली किताबच की. 'वालिमू' म्हणजे शिक्षक लोक, पण एकच असेल तर 'म्वालिमू'. 'माचो' म्हणजे डोळे आणि एक डोळा 'जिचो', आता हे कुणी कसं ओळखायचं?

आणि एवढ्यावर भागत नाही. नाम बदललं की विशेषण पण पुढून बदलतं, क्रियापद पण पुढून बदलतं. शाळेत उपसर्ग शिकलो होतो, प्र परा अप सम वगैरे, ते लावून बघितलं तर काहीच जुळेना. हे उपसर्गच आहेत ना? की दुसरं काही? मी इंजिनियर माणूस, व्याकरणाशी दहावीनंतर संबंध नाही, तेव्हा जरा सोप्यात सांगा.

ता.क. इथं रस्त्यावर शेगडीवर कणसं भाजून विकतात, त्यांना 'माहिंदी' म्हणतात. आणि मला लोक 'म्-हिंदी' म्हणतात. मी कणीस आहे का??

गावठी_पाणिनी

पाहुणे, तुम्ही कणीस नाही, पण भावकी आहे खरी. म्-हिंदी म्हणजे भारतीय माणूस, अनेकवचन वाहिंदी. किहिंदी म्हणजे हिंदी भाषा. आणि माहिंदी म्हणजे मका. मूळ तुकडा एकच, 'हिंदी', पुढचं टोपडं बदललं की माणूस, भाषा, धान्य.

आता मूळ प्रश्न. तुमची गडबड 'उपसर्ग' या शब्दानं केलीय. आपला उपसर्ग काय करतो, तर नवा शब्द बनवतो. हार ला आ लावला आहार, वि लावला विहार, सं लावला संहार, म्हणजे जेवणं, हिंडणं आणि ठार मारणं, तिन्ही वेगळे शब्द. डिक्शनरीत तीन वेगळ्या जागी. स्वाहिलीतलं कि-, वि-, म-, वा- हे त्या जातीचं नाहीच. ते आपल्या आ-ई-ए च्या जातीचं आहे. मुलगा मुलगी मुलगे, मोठा मोठी मोठे, पडला पडली पडले, हे जे आपण शेपटाला करतो ना, तेच ते तोंडाला करतात, बस. लिंग आणि वचन दाखवायचा शिक्का आहे तो. आपण मागे मारतो, ते पुढे मारतात.

हे बघा

माझी मोठी वही पडली
माझ्या मोठ्या वह्या पडल्या

किताबू चांगू किकुब्वा किमेआंगुका (माझं मोठं पुस्तक पडलं)
विताबू व्यांगू विकुब्वा विमेआंगुका (माझी मोठी पुस्तकं पडली)

मोठ्यानं म्हणून बघा. आपल्याकडं ई ई ई ई, या या या या. त्यांच्याकडं कि चा कि कि, वि व्या वि वि. (चांगू म्हणजे कि + आंगू, जोडताना कि चा च झाला, संधी समजा.) थोडक्यात आपल्या वाक्यात यमक आहे आणि त्यांच्या वाक्यात अनुप्रास. एकदा हे डोक्यात बसलं की मराठी माणसाला स्वाहिली इंग्रजांपेक्षा सोपी जावी, कारण इंग्रजाला मुळात विशेषण का बदलावं हेच कळत नाही, आपल्याला ते आईच्या दुधातून आलंय.

झोपाळू_पोपट

पण मग यांना लिंगं किती?? कुठंतरी वाचलं होतं की बांटू भाषांत, म्हणजे स्वाहिली ज्या कुळातली त्या भाषांत, अठरा लिंगं असतात. आपली तीनच सांभाळताना नाकी नऊ, अजून 'तो पेन की ते पेन' भांडण मिटलं नाही आमच्या घरात.

गावठी_पाणिनी

पोपटराव, अठरा ऐकून घाबरू नका, ती मोजायची पद्धत वेगळी आहे. एकवचन आणि अनेकवचन यांना ते वेगवेगळे नंबर देतात. त्या हिशेबानं मराठीचे पण सहा होतील, तो ती ते, ते त्या ती. आणि 'वर्ग' म्हणतात, लिंग नाही, कारण स्त्री-पुरुषाशी याचा काडीचा संबंध नाही. बाई असो बाप्या असो, माणूस तो माणूस, वर्ग एकच.

१ आणि २ नंबर म्हणजे माणसं, म्तू-वातू. ३ आणि ४ मध्ये झाडं बरीच, म्ती-मिती. ५-६ मध्ये फळं, जोडीनं असणारे अवयव, म्हणून तुमचे जिचो-माचो. ७-८ कि-वि, वस्तू, हत्यारं, भाषा. ९-१० मध्ये नाम बदलतच नाही, न्युम्बा म्हणजे घर आणि घरं पण न्युम्बाच, पण न्युम्बा यांगू म्हणजे माझं घर आणि न्युम्बा झांगू म्हणजे माझी घरं. यात नवल नाही, आपला 'दगड' तसाच की, दगड पडला, दगड पडले, दगड जागचा हलत नाही, क्रियापदावरून कळतं. शेवटचे १६-१७-१८ म्हणजे जागा दाखवणारे. अर्थावरून वर्ग ओळखायला जाल तर फसाल मात्र, अपवाद ढिगानं आहेत. मराठीत भिंत बाई आणि दगड बाप्या का, तसंच ते.

हे नंबर कार्ल माइनहॉफ नावाच्या जर्मन माणसानं १८९९ च्या सुमारास पक्के केले, त्याआधी विल्हेल्म ब्लीकनं तशी मांडणी सुरू केली होती, आणि 'बांटू' हे या भाषांचं नाव रूढ झालं ते पण ब्लीकमुळंच. नंबरांचा फायदा असा की भाषा बदलली तरी नंबर तोच राहतो. ७ नंबर स्वाहिलीत कि-, झुलूत इसि-, त्स्वानात से-. म्हणून किस्वाहिली, इसिझुलू, सेत्स्वाना. तिन्हीकडं 'भाषा' याच खणात. लुगांडा मात्र ११ नंबरचा लु- वापरते. तिथं लुगांडा भाषा, मुगांडा एक माणूस, बागांडा लोक, बुगांडा त्यांचं राज्य. आणि आपण ज्याला युगांडा देश म्हणतो ते त्याच बुगांडाचं स्वाहिली तोंडातलं रूप. बोत्स्वाना देशाचं तसंच, मोत्स्वाना एक, बात्स्वाना अनेक. लेसोथोत मोसोथो, बासोथो, सेसोथो.

बांटू हा शब्द पण असाच बनलाय. बा + न्तू, 'माणसं'. झुलू उमुन्तू-अबान्तू, शोना मुन्हू-वान्हू, लिंगाला मोतो-बातो, किकुयू मुन्दू-आन्दू. २०१० च्या वर्ल्डकपला दक्षिण आफ्रिकेच्या टीमला बफाना बफाना म्हणत होते आठवतंय? उम्फाना म्हणजे मुलगा, अबाफाना मुलगे, म्हणजे 'पोरं, पोरं'.

चावट_चकली

म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं उबुंटू पण हेच?? आख्खं इंजिनियरिंग त्याच्यावर काढलं आणि आज कळतंय!

गावठी_पाणिनी

हो, तेच. उ-बु-न्तू. १४ नंबरचा वर्ग, भाववाचक नामं. बु- म्हणजे आपलं -पण, -पणा, -की. माणूस → माणुसकी, न्तू → उबुन्तू. स्वाहिलीत ते झिजून नुसतं 'उ' राहिलं, म्तू → उतू, म्तोतो (मूल) → उतोतो (बालपण), मोजा (एक) → उमोजा (एकी). टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे, त्यांची 'उजामा' ही समाजवादाची कल्पना ऐकली असेल, १९६७ ची अरुशाची घोषणा वगैरे. उ + जामा, जामा म्हणजे कुटुंबातले, आपले लोक. हा जामा अरबी, आपल्या 'जमात'चा सख्खा भाऊ. न्येरेरेंना तिथं म्वालिमू म्हणतात, म्हणजे गुरुजी, ते आधी शिक्षकच होते.

कोंडीबा_पुणेकर

थांबा, एक शंका. किताब तर अरबी ना? मग त्यातला 'कि' हा मूळ शब्दाचाच भाग झाला, प्रत्यय कुठला? त्याचं वि कसं केलं? चुकीचं आहे हे.

गावठी_पाणिनी

कोंडीबा, चूक कसली, उलट यातच गंमत आहे. अरबीत क-त-ब हे धातूचं हाड, अनेकवचन कुतुब. पण स्वाहिली कानाला 'कि' ऐकू आला की तो ७ नंबरचा शिक्काच वाटणार, मग अनेकवचन आपोआप वि. म्वालिमू पण तसाच, अरबी मुअल्लिम, त्यातला मु त्यांनी माणसाच्या खणात टाकला. सगळ्यात भारी 'किपिलेफ्टी'. इंग्रजी कीप लेफ्ट, म्हणजे रस्त्यातलं गोल सर्कल, तिथं तशी पाटी असायची. अनेकवचन काय माहितीय? विपिलेफ्टी!

आणि हसायचं कारण नाही, आपण काय वेगळं करतो? कंपनी, बॅटरी, पार्टी, डिक्शनरी. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ई ऐकू आली की आपण ती नदी-काठीच्या रांगेत बसवली, आणि कंपन्या, बॅटऱ्या, पार्ट्या, डिक्शनऱ्या. साहेबाला विचारा, त्याला त्या 'ई'त बाई दिसते का. त्यांनी तोंड बघितलं, आपण शेपूट बघितलं.

चावट_चकली

हे पटलं एकदम. आमच्याकडं गाडा-गाडी, दोर-दोरी, सुरा-सुरी असं लिंग बदलून लहान-मोठं करतात, तसं काही आहे का तिकडं? आणि कुत्रा-कुत्री सोडून 'कुत्रं' म्हटलं की जो तुच्छपणा येतो तो?

दारचा_पाहुणा

हे मला माहितीय, ऑफिसात ऐकलंय! म्तू माणूस, 'जितू' म्हणजे राक्षसाएवढा धिप्पाड, आणि 'किजितू' म्हणजे एवढंसं माणूस. आमच्या इथल्या एका उंच सिक्युरिटीवाल्याला सगळे जितू म्हणतात आणि तो खूशच असतो. म्हणजे हे गाडा-गाडीच झालं की. शिक्का बदलला, साइज बदलली.

पण पाणिनी, क्रियापदाचं काय? 'नीनाकुपेंदा' एका शब्दात 'मी तुझ्यावर प्रेम करतो' कसं मावतं, डोकं गरगरतं.

गावठी_पाणिनी

रेल्वेचे डबे समजा. नी (मी) - ना (आत्ता) - कु (तुला) - पेंदा (प्रेम). ना काढून ली टाका, भूतकाळ, नीलिकुपेंदा. ता टाका, भविष्य, नीताकुपेंदा. नकार हवा तर सीकुपेंदी, पुढचे डबे पण बदलले आणि शेवटचा आ चा ई झाला (हा तुमच्या कामी न येवो).

गरगरण्याआधी आपली 'आलीस' बघा. आ + ल + ई + स. येण्याची क्रिया, झाली, बाई आहे, आणि ती म्हणजे तू. चार डबे, फक्त इंजिन पुढे आणि डबे मागे. त्यांच्यात डबे पुढे आणि इंजिन मागून ढकलतंय. आपण रोज शंभर वेळा बोलतो म्हणून जाणवत नाही इतकंच.

अजून एक मला फार आवडतं. 'नीमेकिसोमा' म्हणजे 'मी ते वाचलंय', आणि मधला कि सांगतो की 'ते' म्हणजे कि-वर्गातलं काहीतरी, पुस्तक असावं. नीमेविसोमा म्हटलं तर पुस्तकं. मराठीत 'वाचलं का?' 'वाचली का?' एवढ्यावर आपण ओळखतो की पुस्तक की पोथी, नाम उच्चारायची गरज नाही. हिंदीत हे आहे, पण इंग्रजीत शोधून सापडणार नाही.

स्वाहिलीत सगळंच पुढे आहे असं मात्र नाही हं. पेंदा प्रेम करणं, पेंदाना एकमेकांवर प्रेम करणं, सोमा वाचणं किंवा शिकणं, सोमेशा शिकवणं. हे मागेच लागतं, अगदी आपल्या शिक-शिकव सारखं. कोण, केव्हा, कुणाला हे पुढे, आणि मूळ क्रियेचा रंग बदलायचा तर मागे.

शिलाँगकर_मामा

मी नोकरीत मेघालयात बरीच वर्षं काढली, वाचून राहवलं नाही. बांटूपर्यंत जायची गरज काय, आपल्याच देशात खासी आहे. 'उ ख्नन्नाह' मुलगा, 'का ख्नन्नाह' मुलगी, 'की ख्नन्नाह' मुलं. आणि तोच उ, का, की क्रियापदाआधी परत येतो, उ ख्नन्नाह उ लैत, म्हणजे मुलगा जातो. लिहिताना सुटं लिहितात, पण चाल तुम्ही म्हणता तीच. सूर्य तिथं 'का' आणि चंद्र 'उ', म्हणजे सूर्यबाई आणि चंद्रोबा. 'इआप' मरणं आणि 'पिन्-इआप' मारणं, आपण मधला स्वर ताणतो ते पुढे पिन् टोचतात. (माझे खासी उच्चार सुधारायला कुणी आलं तर राग नाही.)

गावठी_पाणिनी

वा मामा! खासी वेगळ्याच कुळातली, ऑस्ट्रोएशियाटिक, तरी चाल जुळली. उलट उदाहरण पण आहे. पश्चिम आफ्रिकेतली फुला भाषा बांटूची लांबची नातलग, तिच्यात वर्ग आहेत पण शिक्का मागे. एक माणूस पुल्लो, अनेक फुल्बे. म्हणजे एकाच कुळात कुणी पुढे लावतं कुणी मागे. आणि आपली संस्कृत विसरलात, गच्छति पण 'अगच्छत्', काळ दाखवायला पुढे अ. 'सगळं शेपटाला' असा तोरा मिरवायचं कारण नाही.

पाहुण्यांसाठी कामाचं. स्वाहिली डिक्शनरीत नाम एकवचनात शोधा, शिक्क्यासकट. क्रियापदाचे सगळे डबे सोडवून शेवटचं इंजिन शोधा. विशेषण -कुब्वा असं डॅशनं लिहिलेलं असेल. पुढं झुलू शिकलात तर नाम पण शिक्का काढून बघावं लागतं बऱ्याच डिक्शनऱ्यांत, उमुन्तू न मध्ये सापडेल.

कोंडीबा_पुणेकर

अनुप्रास दर वेळी जुळत नाही पण. मी नेटवर बघितलं, 'म्तोतो वांगू म्दोगो आनासोमा'. म, वा, म, आ. कुठाय अनुप्रास?

गावठी_पाणिनी

पकडलंत. १ नंबर खोडसाळ आहे, माणसाचं एकवचन. अनेकवचनात बघा, वातोतो वांगू वादोगो वानासोमा, वा वा वा वा. आणि प्राणी कुठल्याही खणातले असोत, वागवतात माणसासारखे, किबोको म्हणजे पाणघोडा, दिसतो कि-वाला पण किबोको म्कुब्वा, किकुब्वा नाही.

दारचा_पाहुणा

आज सकाळी ड्रायव्हरला रुबाबात सांगितलं, 'विपिलेफ्टी विविली' नंतर डावीकडं घे. तो आधी माझ्याकडं बघतच राहिला, मग हसत हसत बरोबर दोन सर्कल सोडून वळला. मग म्हणाला तुमच्या भाषेत गारीला काय म्हणतात, मी म्हटलं गाडी. त्याचा विश्वासच बसेना. संध्याकाळी विचारतो त्याला अनेकवचन, मागारी ना?

गावठी_पाणिनी

मागारी. ६ नंबर. आणि दुका म्हणजे दुकान, अनेक असतील तर मादुका, तो पण आपल्या 'दुकान'चाच भाऊ.

चावट_चकली

पाहुणे, येताना एक माहिंदी आणा.

झोपाळू_पोपट

एक असेल तर हिंदी म्हणावं लागेल ना?