बायलॉ म्हणजे नेमकं काय? नियम, विनियम की उपविधी?

लेखणीटाक: एका गृहनिर्माण सोसायटीच्या इंग्रजी कागदपत्रांचा मराठी अनुवाद करायचा आहे. एकाच पानावर ‘रूल’, ‘रेग्युलेशन’ आणि ‘बायलॉ’ असे तिन्ही शब्द आहेत. सरसकट ‘नियम’ लिहिलं तर चालेल का? शिवाय एका नोटिशीत ‘बायलॉजनुसार रात्री १० नंतर पाहुण्यांची गाडी आत घेतली जाणार नाही’ असं वाक्य आहे. उपविधींच्या पुस्तकात मात्र असं काहीच सापडत नाही.

मसुदेकर: सरसकट ‘नियम’ नका लिहू, कोणी केला आणि किती बंधनकारक हेच त्यातून पुसलं जातं. संसद किंवा विधिमंडळ करतं तो अधिनियम. त्याखाली सरकार करतं ते नियम. कायद्याने स्थापन झालेलं मंडळ करतं ते साधारणपणे विनियम. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचंच बघा: १९९२ च्या अधिनियमात कलम २९ नुसार नियम केंद्र सरकार करतं आणि कलम ३० नुसार विनियम सेबी स्वतः. बायलॉ म्हणजे उपविधी. साखर कारखाने, पतसंस्था यांच्यात ‘पोटनियम’ म्हणतात, तेही बरोबरच. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना हे सगळे शब्द वेगवेगळे मोजले आहेत, ते उगाच नाही.

सोसायटीपुरती उतरंड अशी: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, मग १९६१ चे नियम, मग उपविधी, मग सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सगळ्यात खाली कमिटीचा ठराव. खालचा वरच्याच्या विरोधात गेला की टिकत नाही.

गाडीचं वाक्य बहुधा कमिटीच्या ठरावाचं असणार. अनुवादात मूळ शब्द बदलू नका, ‘उपविधीनुसार’ असंच लिहा आणि चूक सोसायटीला वेगळी कळवा. नोटीस नव्याने काढणार असतील तर ‘दिनांक अमुकच्या सभेतील ठराव क्रमांक तमुकनुसार’ असं हवं. तारीख आणि क्रमांक देता येत नसेल तर मुळात ठराव झालाय का, तेच विचारावं लागेल.

शब्दवेडा: थोडं शब्दाबद्दल. ‘बायलॉ’मधला ‘बाय’ म्हणजे ‘च्याद्वारे’ नव्हे. जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियन भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती, गाव. इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी यांच्या शेवटी आहे तोच. म्हणजे मुळात हा गावापुरता कायदा. आपला ‘उप’ आला तो नंतरच्या ‘दुय्यम’ या अर्थावरून. ‘बायलॉज’ हे अनेकवचन, त्यामुळे ‘हा बायलॉज’ खटकतं: तो उपविधी, ते उपविधी.

देश बदलला की अर्थही सरकतो. कॅनडात नगरपालिकेचा कायदा म्हणजे बायलॉ. अमेरिकेत बायलॉज म्हणजे सहसा संस्थेची किंवा कंपनीची अंतर्गत नियमावली. तिथे शहराच्या कायद्याला ‘ऑर्डिनन्स’ म्हणतात. त्याचं मराठी ‘अध्यादेश’ करू नका! आपल्याकडे अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात.

सहकारवाचक: एक भर घालतो. महानगरपालिकेचे उपविधी आणि सोसायटीचे उपविधी एका पारड्यात नाहीत. पालिकेचे उपविधी हा कायदाच. सहकारी संस्थेच्या उपविधींना मात्र कायद्याचं बळ नाही, ते कंपनीच्या आर्टिकल्स ऑफ असोसिएशनसारखे (म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीसारखे), संस्था आणि सभासद यांना बांधणारे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच म्हटलं आहे. म्हणून ‘सोसायटीचा कायदा’ असा अनुवाद टाळा.

आणि पुस्तक कोणतं पाहिलंत? बाजारात मिळतात ते आदर्श उपविधी, म्हणजे फक्त नमुना. सर्वसाधारण सभेने स्वीकारून निबंधकाकडे (सहकारी संस्थांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी) नोंदवले नसतील तर ते त्या सोसायटीचे नव्हेत. निबंधकाचा शिक्का आणि नोंदणीची तारीख असलेली प्रत मागा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नुसार सभासदाला ती सोसायटीच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येते.

दुरुस्तीचंही तसंच. आदर्श उपविधींनुसार प्रस्ताव १४ दिवस आधी सर्व सभासदांना कळवायचा, हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने ठराव करायचा, मग निबंधकाकडे नोंदणी. बऱ्याच सोसायट्या ठराव झाला की थांबतात. त्याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती अमलात येतच नाही, तेव्हा अनुवादात ‘सुधारित उपविधी’ लिहिण्याआधी तो शिक्का बघा.

लेखणीटाक: प्रतीवर शिक्का नाही, फक्त अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आहेत. मग ‘प्रस्तावित दुरुस्ती’ लिहू?

मसुदेकर: मुळात ‘अमेंडेड’ असेल तर ‘सुधारित’च लिहा आणि तळटीप द्या: ‘प्रतीवर निबंधकाचा शिक्का दिसत नाही.’ ‘प्रस्तावित’ लिहिलंत तर तो तुमचा निष्कर्ष झाला.