चुना डोळ्यात गेला तर आधी पाणी, मग रिक्षा

सुनीता कदम, बी विंग: सगळ्यांना कळवते. वॉचमन मामांच्या नातवाच्या उजव्या डोळ्यात संध्याकाळी चुना गेला. जिन्याखाली कुणीतरी टाकलेली तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरानं दोन्ही हातांनी दाबली, ती फुटली. मिरजेला नेलंय.

पाटील काका, ए विंग: अरे देवा! डोळ्यात दूध घातलं का? आमच्याकडे दूध नाहीतर तूप घालायचे.

मेघा सिस्टर, सी विंग: नको काका. दूध, तूप, मध, गुलाबपाणी, काहीच नको. फक्त पाणी, आणि तेही लगेच. तिथं धुतला होता का डोळा?

सुनीता कदम: वैशालीनं नळाखाली धरला होता, पण पाचेक मिनिटंच. रिक्षा आली म्हणून निघाले.

मेघा सिस्टर: धुतला ते फार बरं केलं, पण पाच मिनिटं पुरत नाहीत. निदान अर्धा तास लागतो. चुना गेलेला डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं आडवं करायचं, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पोरं पापण्या घट्ट मिटतात, म्हणून एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं बोटांनी पापण्या उघड्या ठेवायच्या. रिक्षातही बाटलीनं पाणी सोडत जायचं. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि भाजत राहतात, डॉक्टर पापणी उलटून ते काढतात.

निखिल, ए विंग: चुना अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट आहे ना? मग लिंबू पिळलं तर?

मेघा सिस्टर: अजिबात नाही! त्यानं उष्णता होते आणि लिंबाची इजा वेगळीच. ॲसिडनं वरची प्रथिनं गोठतात, त्यामुळे ते आत जायला थोडा तरी अडथळा होतो. अल्कली पेशींवरच्या चरबीचा साबण करत आत शिरते, काही मिनिटांत बुबुळाच्या पार. चुना, ओलं सिमेंट, ड्रेनेज साफ करायची पावडर, सगळं यातच आलं.

सुनीता कदम: मामा म्हणत होते डोळा लाल नाही, पांढराशुभ्र आहे. ऐकून जरा बरं वाटलं.

मेघा सिस्टर: ताई, मला त्याचीच काळजी वाटतेय. बुबुळाच्या कडेभोवती पांढरं पडलं असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या जळाल्या असू शकतात. त्याच कडेला मूळ पेशी असतात, त्या बुबुळावरचा पारदर्शक थर सतत नवा करतात. त्या गेल्या की बुबुळावर पांढरट पडदा चढतो, नजर धूसर होते. मग नेत्रदानातलं बुबुळ नुसतं बसवूनही टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये एक पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर वारेचा (बाळंतपणात बाळामागून पडते ती) पातळ पडदा बसवून त्यावर ते लावायचे. पण ही पुढची गोष्ट. आज किती जळलंय ते डॉक्टरांनाच बघू दे.

शिंदे दादा, डी विंग: आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत बोर्डोसाठी, म्हणजे बुरशीच्या फवारणीसाठी, कळीचा चुना भिजवतात. पाणी पडलं की रटरट उकळतो, शिंतोडे उडतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट एकसारखी यावी म्हणून काडीला पेस्ट लावतात, त्यातलं हायड्रोजन सायनामाइडही भाजतं. चष्मा कुणीच घालत नाही. उद्याच गॉगल आणतो.

मेघा सिस्टर: दादा, बाजूनं बंद असणारे आणा. आणि बागेत पाण्याचा कॅन औषधाच्या ड्रमपाशीच ठेवा.

निखिल: गच्चीवर ग्रीलचं वेल्डिंग चालू आहे, तेही धोक्याचं का?

मेघा सिस्टर: हो, त्यात अतिनील किरणांनी डोळा भाजतो. काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, वाळू गेल्यासारखं टोचतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं. बधिर करणारे थेंब घरी घालत बसू नका, बुबुळाची जखम चिघळते. मुलांना गच्चीवर सोडू नका.

सुनीता कदम: मामांचा फोन आला. तिथं परत बराच वेळ धुतला, चुना उरलाय का ते लिटमसची पट्टी लावून बघितलं, आतले कण काढले. सकाळी पुन्हा तपासणार.

पाटील काका: सकाळी माझी गाडी घेऊन जाऊ. मेघा, तू येशील का सोबत? डॉक्टर काय सांगतात ते मामांना नीट समजावून सांगायला कुणीतरी हवं.

मेघा सिस्टर: येते काका. साडेआठला गेटवर.