मदत हवी आहे: आयव्हीची पानं फिकट पडून गळतायत

खिडकीशी टांगलेल्या कुंडीत आयव्हीचा वेल आहे, पानांना पांढरी कडा असलेली जात. हल्ली जुन्या पानांचा रंग उडत चाललाय. पान डोळ्यांजवळ धरलं की टाचणीच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके दिसतात. कडा करपून कुरकुरीत होतात आणि नुसता हात लागला तरी पान गळतं. शिवाय नवी पालवी जवळजवळ पूर्ण हिरवी येतेय, पांढरी कडा दिसतच नाही.

घरातले म्हणतात पाणी वाढव. मला ते पटत नाही, कारण बोट खुपसून पाहिलं तर आतली माती ओलसर लागते. पाणी तोडू की देत राहू? आणि कुंडी हलवायची तर कुठे? या वेलावर माझा फार जीव आहे. घरात मांजर आहे, तेव्हा उपाय तिला न बाधणारा हवा.

प्रतिसाद १

पाणी अजिबात वाढवू नका. हे वर्णन लाल कोळ्याचं, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या अगदी बारीक किडीचं वाटतंय. घरातल्या आयव्हीचा सगळ्यात मोठा शत्रू तोच, आणि उबदार, कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. खात्री करून घ्या: पानाखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर टिचकी मारा. पडलेले कण थोड्या वेळाने चालायला लागले तर कोळीच. पान आणि देठ यांच्या बेचक्यात बारीक जाळंही दिसेल.

तसं निघालं तर कुंडी लगेच बाकीच्या झाडांपासून दूर करा. मातीवर प्लास्टिक बांधा, वेल नळाखाली आडवा धरा आणि पानांची खालची बाजू जोरदार धारेने धुवा. कोळी तिथेच असतो. नंतर एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण मिसळून फवारा, आधी एखाद्या पानावर करून बघा. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी शाबूत राहतात. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करावंच लागतं. लोक इथेच कंटाळतात आणि कोळी परत येतो.

प्रतिसाद २

हिरव्या पालवीचं कारण वेगळं: उजेड कमी पडतोय. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून अशा जातींना साध्या हिरव्या आयव्हीपेक्षा जास्त उजेड लागतो. भरपूर उजेडाची पण कडक ऊन न येणारी जागा द्या. पूर्ण हिरव्या झालेल्या फांद्या जिथून फुटल्यात तिथूनच छाटा. त्या जोमाने वाढतात आणि हळूहळू सगळा वेल हिरवा होतो.

आणि आयव्हीला मनी प्लांटसारखं वागवू नका. मनी प्लांट ऊब सोसतो. आयव्हीला १० ते २० अंशांचा थंडावा आणि खेळती हवा मानवते. हीटरजवळ तर नकोच.

प्रतिसाद ३

माती ओलसर आहे असं म्हणताय, तर मुळंही बघून घ्या. कुंडीतून अलगद काढा. पांढरी, टणक असतील तर ठीक. तपकिरी, मऊ आणि वास येणारी असतील तर कापून नव्या भुसभुशीत मातीत लावा. एरवी वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकल्यावरच पाणी द्यायचं.

धागाकर्ती

कागदावर ठिपके चालताना दिसले! मुळं मात्र चांगली आहेत. वेल धुवून घेतला. मांजराच्या दृष्टीने निंबोळी तेल चालेल का?

प्रतिसाद १

मांजर अंग चाटतं, म्हणून मी तेल टाळेन. साबणाचं पाणी पुरेसं आहे, तासा-दोन तासांनी पानं साध्या पाण्याने धुवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयव्हीच मांजराला विषारी आहे. पानं चावली तर लाळ गळते, उलट्या होतात. कुंडी तिची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचावर टांगा आणि गळलेली पानं रोज उचला. छाटताना हातमोजे घाला, चिकाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

छाटलेल्यातले निरोगी शेंडे, आधी धुवून, पाण्यात ठेवा. एखादं पेर पाण्याखाली राहू द्या. काही आठवड्यांत मुळं फुटतील आणि मूळ वेल नाहीच सावरला तरी त्याचं रोप हाताशी राहील.