लेक चौथीत, नवऱ्याची नोकरी रेनिंगेनला: घर कुठे घ्यावं, शाळा कोणती?

चिंचवडची_आई

नमस्कार मंडळी. नवऱ्याला श्टुटगार्टजवळ रेनिंगेनला नोकरी मिळाली आहे. ब्ल्यू कार्डावर (उच्चशिक्षितांचा नोकरी-परवाना) जायचं, जानेवारी 2026 मध्ये रुजू व्हायचं. कंपनी सामान हलवायचा खर्च आणि पहिल्या महिन्याची राहायची सोय करते आहे. शाळेची फी देणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलंय.

मुलगी ऑगस्टमध्ये नऊ पूर्ण झाली, इथे सीबीएसईच्या चौथीत आहे. मुलगा चार वर्षांचा, ज्युनियर केजी. मी सहकारी बँकेत आहे, म्हणजे आता "होते" म्हणायची सवय करायला हवी.

जितकी तोंडं तितके सल्ले. फ्रँकफर्टची नणंद म्हणते, इंटरनॅशनल स्कूलच घ्या, नाहीतर जर्मन शाळेत पोर मागे पडेल आणि कायमची खालच्या शाळेत ढकलली जाईल. नवऱ्याच्या ऑफिसातले म्हणतात, बोब्लिंगेनला घर बघा, आपली माणसं भरपूर. सासऱ्यांचं म्हणणं, त्याला एकट्याला जाऊ दे, नातीचं पाचवीचं वर्ष इथेच होऊ दे, मग बघू. नवरा मॅक्सम्युलर भवनात ए-वन करून आलाय. मुलीला जर्मन शून्य. तिचा प्रश्न एकच आहे, "माझ्या वर्गात इंग्लिश कळणारं कुणी असेल का?"

सरकारी वेबसाइटी वाचून झाल्यात. त्या भागात ज्यांनी मुलं वाढवलीत त्यांनी सांगा: घर कुठे घ्याल? शाळा कोणती? आणि आम्ही तिघांनी केव्हा जायचं?

फिल्डरवासी

आमची दोन्ही मुलं इंटरनॅशनल स्कूलमध्येच होती, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. श्टुटगार्टची इंटरनॅशनल स्कूल डेगरलोखला, शिवाय सिंडेलफिंगेनला त्यांचा दुसरा कॅम्पस आहे. शाळेबद्दल तक्रार काहीच नाही. मुलगी दुसऱ्या दिवसापासून हसत जायला लागली. पण फी कंपनी भरत होती आणि तीन वर्षांनी परत पुण्याला यायचं हे ठरलेलं होतं. यातलं एक जरी नसेल तर विचारही करू नका. एका मुलाचे वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास धरा. दोघांचे मिळून तुमच्या मिस्टरांच्या हातात येणाऱ्या पगारातून घरभाड्यापुरतेही उरायचे नाहीत.

आणि एक दुसरी बाजू. मुलं तीन वर्षं जर्मनीत राहिली आणि जर्मन येतं ते बेकरीत ब्रेट्झल मागण्याइतकं. शेजारच्या मुलांशी कधी खेळलीच नाहीत.

लेओनबर्गची_काकू

अगं, आधी घर, मग शाळा, मग तारीख अशा क्रमाने विचार करते आहेस. तो क्रम पूर्ण उलटा कर. तुझ्या बाबतीत तारीख सगळ्यात महत्त्वाची आहे.

बाडेन-व्युर्टेनबेर्गमध्ये, म्हणजे आपल्या या राज्यात, पहिलीला जायला 30 जूनपर्यंत सहा पूर्ण लागतात. तुझी लेक ऑगस्टची, म्हणजे तिच्या वयाची मुलं इथे सध्या तिसरीत आहेत आणि सप्टेंबर 2026 ला चौथीत जातील. ग्रुंडशूले, म्हणजे प्राथमिक शाळा, चौथीपर्यंतच. त्यानंतर गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी), रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली), गेमाइनशाफ्ट्सशूले (सगळ्या पातळ्यांची एकत्र) अशा वाटा फुटतात. चौथीच्या नोव्हेंबरात कोंपास-4 नावाची जर्मन आणि गणिताची चाचणी होते, फेब्रुवारीच्या सुमारास शाळेची शिफारस हातात पडते. गिम्नाझियुमला जायचं तर आईबापांची इच्छा आणि त्याबरोबर शिक्षकांचं मत किंवा कोंपासचा निकाल, यातलं एक तरी जुळावं लागतं. दोन्ही विरुद्ध गेले तर वेगळी परीक्षा द्यायची. हा नियम नवाच आहे. मधली बरीच वर्षं आईबाप म्हणतील तिथे प्रवेश मिळायचा. त्यामुळे जुन्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकून घे आणि सोडून दे.

आता हिशोब कर. सासरे म्हणतात तसं पाचवी तिकडे करून आलात तर ती जवळजवळ अकरा वर्षांची होऊन, भाषा येत नसताना, थेट वाटा फुटल्यानंतरच्या शाळेत येऊन पडेल. त्यांना वाईट वाटेल, पण हा पर्याय सगळ्यात वाईट. सप्टेंबरला आलात तर दोन महिन्यांत ती चाचणी. आणि सीबीएसईची परीक्षा मार्चमध्ये उरकून आलात तर? ईस्टर 5 एप्रिलला आहे. ती सुट्टी संपली की शाळा एप्रिलच्या मध्यात सुरू होते आणि जुलैअखेरपर्यंत चालते. हे साडेतीन महिने तिसरीत, कोणी मार्क न मोजता, नुसते कान तयार करायला मिळतात. मग उन्हाळ्याची सुट्टी, मग पूर्ण चौथी. तिसरीत घालतायत म्हणून "आमची तर चौथी झाली" असा वाद शाळेत घालू नकोस. बरेच आपले लोक घालतात. उलट शाळाच म्हणाली की चौथी अजून एकदा करू दे, तर आनंदाने हो म्हण.

व्हिसाचे अर्ज मात्र नवऱ्याच्या अर्जाबरोबरच टाका, तो रुजू व्हायची वाट बघू नका. आणि नणंदेला सांग, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी इथे फोरबेराइटुंग्सक्लासं असतात, सगळे व्हीकेएल म्हणतात. थोडे तास तिथे भाषा शिकायची, गणित, चित्रकला, खेळ यांना नेहमीच्या वर्गात बसायचं. पण ती सोय प्रत्येक शाळेत नसते, आणि ग्रुंडशूले तुमच्या पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा, त्या बाजूला दुसरी. म्हणून घराच्या करारावर सही करण्याआधी त्या पत्त्याला कोणती शाळा येते आणि तिथे व्हीकेएल आहे का, हे नगरपालिकेला मेल करून विचारा. दोन ओळींचं मेल पुरतं.

राहता राहिलं घर. रेनिंगेनला एस-6 आणि एस-60 अशा दोन लोकल येतात. एस-6 म्हणजे श्टुटगार्टहून फॉयरबाख, त्सुफेनहाउझेन, लेओनबर्ग, रेनिंगेन करत वाइल डेर श्टाटला जाणारी. एस-60 सिंडेलफिंगेन-बोब्लिंगेनकडे जाते. या दोन रेघांवर कुठेही राहा, नवऱ्याला गाडी बदलावी लागणार नाही. श्टुटगार्ट शहरात राहायचा हट्ट नको. शहर खोलगट दरीत आहे, चढाचे जिने संपता संपत नाहीत, भाडंही जास्त. बोब्लिंगेनला आपली माणसं आहेत हे खरं, गणपतीला आरतीला कोरस मिळतो. पण लेक नऊ वर्षांची आहे. तिला आपली माणसं शनिवार-रविवारी मिळू देत, सोमवार ते शुक्रवार जर्मन बोलणारी पोरं हवीत. मी लेओनबर्ग किंवा खुद्द रेनिंगेन म्हणेन. लेओनबर्गला राहते म्हणून म्हणत नाही. म्हणजे अगदीच तसं नाही असंही नाही.

अवांतर: वाइल डेर श्टाट हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं जन्मगाव, साल 1571. शाळेला तो आमच्या लेओनबर्गला होता. लेकीला सांग.

भाड्याचं म्हणशील तर 80 चौरस मीटरच्या तीन खोल्यांना सगळं धरून 1300 ते 1600 युरो लागतात. तीन खोल्या म्हणजे आपला टू बीएचके, स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. आणि घर बघायला जाल तेव्हा धक्का बसू देऊ नका: बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतंच. चार भिंती, टाइल्स, आणि ओट्याच्या जागी भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन पाइप. आधीचा भाडेकरू ओटा, सिंक, शेगडी सगळं काढून नेतो, किंवा तुम्हाला विकतो. विकत असेल तर घासाघीस करून घेऊन टाका. नवीन बसवून मिळायला महिने लागतात आणि तोवर इंडक्शनच्या एका शेगडीवर चौघांचं जेवण करावं लागतं.

हे श्वाबन (या भागातल्या मूळच्या) लोकांचं गाव आहे, तेव्हा केअरवोखे पण ऐकून ठेव. दाराच्या मुठीला एक पाटी लटकवलेली दिसली की त्या आठवड्यात सामाईक जिना पुसायची पाळी आपली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. आणि रविवारी सकाळी चटणीसाठी मिक्सर लावायचा नाही. शनिवारी रात्रीच वाटून ठेव.

रेआलशूलेचा_बाबा

काकूंच्या तारखेशी शंभर टक्के सहमत. पण गिम्नाझियुमचा फार बाऊ वाटतोय वाचून, म्हणून लिहितो.

आमचा चिरंजीव चौथीच्या मध्यात आला. शिफारस रेआलशूलेची आली. घरी सुतक. बायकोच्या आईचा फोन, "तिकडे नेऊन पोराला आयटीआयला घातलंत?" पाचवी-सहावीत तो जर्मनमध्ये रडतखडत, गणितात पहिल्या तिघांत. इथे 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे नापास, त्यामुळे पहिल्या प्रगतिपुस्तकातला 5 बघून आजोबा खूश झाले होते, तो किस्सा वेगळा. दहावीनंतर तो टेक्निकल गिम्नाझियुमला गेला, तीन वर्षांत आबिटुअर (विद्यापीठात जायला लागणारी शेवटची परीक्षा) झालं, आता इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याबरोबर जबरदस्तीने गिम्नाझियुमला घातलेली दोन आपलीच मुलं सातवीत तिथून निघून रेआलशूलेला आली, तीही मनाने खचून. रेआलशूले आणि गेमाइनशाफ्ट्सशूलेला आजही आईबापांच्या इच्छेने प्रवेश मिळतो. त्या वाटेने वर जायचे जिने ठेवलेत.

माझी काळजी दुसरीच आहे. नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेशन असणार, आणि गाडीउद्योगात इकडे सध्या कपातीचं वारं आहे. नवरा जानेवारीत, तुम्ही एप्रिलमध्ये, हे त्याही हिशोबाने बरं. तोवर त्याला घर शोधू दे. आणि मोठं फर्निचर, गाडी वगैरे जुलैनंतर.

ताई, लसींचं मात्र आत्ताच बघा. गोवराच्या दोन डोसांचा पुरावा नसेल तर किटात (बालवाडीत) घेत नाहीत, आणि शाळाही मागते. मार्च 2020 पासून कायदा आहे. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये नुसती बरोबरची खूण आणि पेनाने खरडलेली तारीख असते. त्यांच्याकडून लेटरहेडवर लसीचं नाव, तारीख, सही-शिक्का असं इंग्रजीत लिहून घ्या.

चिंचवडची_आई

काकू, दादा, खूप आभार. घरी वाचून दाखवलं. सासरे "एप्रिल ठीक आहे" एवढंच म्हणाले आणि फिरायला गेले, म्हणजे पटलंय.

दोन शंका. एक, धाकट्याचं काय? मला जर्मन शिकून दीड-दोन वर्षांत नोकरीला लागायचं आहे. दुसरी, मेमध्ये चुलत दिराचं लग्न आहे. एप्रिलमध्ये गेलो तर आठवडाभर मुलीची शाळा बुडवून येता येईल का?

लेओनबर्गची_काकू

लग्नाचं आधी. नाही. इथे शाळा बुडवून प्रवास केला तर आईबापांना दंड होतो, आणि लग्न चुलत दिराचं आहे हे कारण मुख्याध्यापिकेला सांगून उपयोग नाही. तिथे आजारी पडल्याचं खोटं सांगणारे आहेत. नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात तू ते करू नयेस. लग्न 26 मेनंतर ढकलता आलं तर पेंटेकॉस्टची सुट्टी आहे, 5 जूनपर्यंत. नाहीतर नवऱ्याने एकट्याने जाऊन अक्षता टाकाव्यात.

धाकट्याला तीन वर्षं पूर्ण आहेत, म्हणजे किटाच्या जागेवर त्याचा कायद्याने हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र रांग असते. घराचा पत्ता मिळाला की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) करायचंच असतं, त्याच दिवशी किटाचाही अर्ज टाका. फी पडते, गावागावाप्रमाणे वेगळी. प्रत्येक मुलापाठी महिन्याला 259 युरो किंडरगेल्ड (सरकारी बालभत्ता) येतं, बरीचशी तिथेच जाईल.

आणि तुझं. लेकीची शाळा दुपारी बाराच्या सुमारास सुटते, हे तुला कोणीच सांगितलेलं दिसत नाही. पुढे थांबायची सोय पैसे भरून करावी लागते, आणि तिचीही जागा आधी धरावी लागते. ऑगस्ट 2026 पासून दिवसभराच्या सोयीचा हक्क येतोय, पण पहिलीपासून सुरुवात होणार. तुझ्या लेकीला तो लागू नाही, धाकट्याला मिळेल. त्यामुळे पहिलं वर्ष तुझा जर्मनचा वर्ग सकाळचाच घे, साडेअकराच्या आत सुटणारा. ब्ल्यू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी भाषेची अट नाही म्हणून बऱ्याच जणी कोऱ्या पाटीने येतात. तू बँकेचा शेवटचा दिवस मार्चअखेर धरतेस ना? मग डिसेंबरपासूनच ए-वन सुरू कर, संध्याकाळचं ऑनलाइन असलं तरी चालेल. लेकीला शेजारी बसव.